चौदाव्या मजल्यावरचा आचारी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (वाकून केलाय असं समज; खरंच वाकलो तर सरळ करायला दोन माणसं लागतात.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला आणि तुझी कटकट, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा.

लेकीकडे येऊन महिना होत आला. पहिल्याच दिवशी खाली फिरून परत आलो, तर वॉचमननं माझा चेहरा पाहिला, शर्ट पाहिला आणि बोट दाखवलं ते मागच्या, सामानाच्या लिफ्टकडे. अगं, ज्यानं उभी हयात पोरांना वर्गाबाहेर काढण्यात घालवली, त्या हेडमास्तरला एका बोटानं बाहेर! असा संताप आला म्हणून सांगू! (तू गोरी, तुला नाही कळायचं. एकाच आईची लेकरं आपण, तरी पाहुणे तुला मांडीवर घ्यायचे आणि मला पाणी आणायला सांगायचे.) शेवटी गेलो मागच्याच लिफ्टनं.

तिथे एक सफाईवाल्या बाई होत्या. त्यांनीही मला वर-खाली पाहिलं आणि लेकीचा नवा आचारी ठरवून टाकलं. मला! दूध उतू गेल्याशिवाय ते तापलं हे ज्याला कळत नाही, त्याला! खरं सांगायला हवं होतं, पण त्या इतक्या आपुलकीनं बोलत होत्या की म्हटलं, उद्या सांगू. घरात सगळे मोबाइलशी बोलतात. इथे कुणीतरी विचारत होतं, जेवलात का. मग मी आपणहूनच मागची लिफ्ट धरू लागलो. बाई पुढच्या महिन्यापासून आमच्याकडेच कामाला यायच्या होत्या, त्यासाठी हातचं एक घर सोडून बसल्या होत्या. मालकीण मनानं वाईट नाही, पण आधी संशय घेते, मग नाव विचारते, असं त्यांचं मत. मी म्हटलं, अगदी खरं. (लहानपणापासून तशीच आहे, हे जिभेवर आलेलं गिळलं.)

घोळ झाला तो बाईंच्या चांगुलपणामुळे. या वयात मला दगदग नको, म्हणून त्यांनी नवव्या मजल्यावरच्या आजींकडे हलक्या कामासाठी माझा शब्द टाकला. आजींनी थेट लेकीला फोन लावला, तुमचा तो काळासा म्हातारा आचारी प्रामाणिक आहे ना? पुढचं काय सांगू! लेक रडली, चिडली, माझ्यासाठी कोट घेऊन आली. वॉचमन आता सलाम ठोकतो. त्याची चूक 'होतं कधी कधी' म्हणून माफ. बाईंना मात्र कामाला नकार. का, तर जिला बाबा आणि आचारी यांतला फरक कळत नाही, तिला घरात कसं घ्यायचं? मी म्हटलं, अगं, फरक असतो तरी काय? (तिनं विचारलं, बाबा, गोळी घेतलीत का?) काल बाई दिसल्या. मी हाक मारली, तर भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "साहेब, आधी तुम्ही जा." फार लागलं गं मनाला.

बाकी ठीक. लोभ आहेच, तो आता या वयात आणखी काय वाढायचा.

तुझा,
धाकटा

ता. क. लेकीचा तुला फोन येईल. 'आत्या, आपल्याकडची, चांगल्या घरातली, दिसायला बरी अशी बाई पाठव' म्हणेल. तू आपली सांग, शोधून दमले, मिळत नाही. म्हणजे या बाईंना घेतल्यावाचून तिला गत्यंतर उरणार नाही.

ता. क. दुसरा. तरीही हटून बसलीच, तर एवढंच विचार, की तुझ्या या अटींत तुझे बाबा बसतात का? मीच विचारलं असतं. पण मला तिच्याच घरात राहायचंय.