स्मृतीतून बाबा

३ मार्च, सकाळी
आजपासून बाबांचं शिल्प. ते मला ओळखत नाहीत, असं घरचे म्हणतात. ताई महिनाअखेर त्यांना कायमचं तिच्या गावी नेणार. त्याआधी काम संपवायचंच. स्वतःचा चेहरा मातीत बघितला की त्यांना सगळं आठवेल, त्यात मीही आठवेन. डॉक्टरांना हे पटत नाही. त्यांचा कलेशी संबंध काय?

५ मार्च
पहिली बैठक. मातीचे शिंतोडे उडतील म्हणून बाबांच्या गळ्याभोवती चादर बांधली. त्यांनी लगेच मान मागे टाकून डोळे मिटले. काय पोझ! केवढा विश्वास! बायको म्हणाली, त्यांना वाटतंय न्हावी दाढी करायला आलाय. बायकोला शिल्पातलं शष्प कळत नाही.

९ मार्च
काम नाही. मूड नव्हता, शिवाय मातीच्या आत घालायची तार आणायची राहिली. स्टुडिओ आवरला (बायको त्याला अडगळीची खोली म्हणते). बाबा तासभर चादर बांधून खुर्चीत बसले होते म्हणे. मला कुणी सांगितलंच नाही.

१४ मार्च
सकाळी बघतो तर शिल्पाची मान वाकून हनुवटी छातीला टेकलेली. आतल्या सांगाड्याची तार बारीक निघाली. दुकानदाराचा दोष. पण बाबा आता मला अहो-जाहो करतात. म्हणाले, तुमचं सावकाश होऊ द्या, मला घाई नाही. जन्मात पहिल्यांदा माझ्या कामाचा मान राखला. डोळे भरून आले. बायकोचेही आले, तिचं कारण वेगळं असावं.

१९ मार्च
निर्णय: बाबांकडे न बघता काम करायचं. समोरचं कुणीही बघतं, कलावंत स्मृतीतून घडवतो. शिवाय गाल पार आत गेलेत त्यांचे, बघवत नाही. मी घडवणार चाळिशीतले बाबा. झुबकेदार मिशा, कपाळाला आठी, जुन्या घराच्या हिरव्या दारात उभे. ताई फोनवर म्हणाली, दार निळं होतं आणि मिशा त्यांनी कधी ठेवल्याच नाहीत. ताईची कल्पनाशक्ती अफाट आहे. बाबांची खुर्ची खिडकीकडे वळवली. गुपचूप बसतात. आदर्श मॉडेल.

२६ मार्च
आठवडा मिशांत गेला, पण काय उतरल्यात! ओलं फडकं टाकायला विसरलो, त्यात एक कान तडकला. उद्या नक्की.

३० मार्च
ताई आली. कान राहिलाच, त्यावर केस ओढले. बाबांना शिल्पासमोर बसवलं. बराच वेळ बघत राहिले.

"हे कोण? तुमचे वडील का?"

हो म्हणालो.

"आहेत का?"

आहेत म्हणालो.

"मग बसत जा त्यांच्याजवळ."

ताईनं त्यांना गाडीत बसवलं, तेव्हा मी नळाखाली हात धूत होतो. माती केव्हाच निघाली होती, तरी धूत होतो.