शिशातलं तांबं

दि. ९ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत. आईचा गुडघा अधूनमधून बोलतो, जिना चढायचं तिने सोडलंय. तुझी वहिनी शिवणकाम करते आणि मधून मधून मला माझा चष्मा शोधून देते. निवृत्तीला पाच महिने उरलेत. हल्ली कारखान्याच्या फाटकातून आत शिरतानाच दिवस संपल्यासारखा वाटतो.

बातमी म्हणजे प्रयोगशाळेत नवं यंत्र आलंय. शिशाची चकती ठेवायची, ठिणगी पडते आणि मिनिटभरात अँटिमनी किती, कथील किती, तांबं किती, सगळं पडद्यावर. आमचं ॲसिडात विरघळवणं, गाळणं, दोन-दोन दिवस खपणं संपलं. यंत्रावर एक पोरगी आलीय, केमिस्ट. तिखट आहे. मला म्हणते, "सर, तुम्ही म्हणे नुसत्या वासावर तांबं ओळखायचात!"

तिकडच्या भट्टीवर धूर कमी आहे का? रक्तातलं शिसं वेळच्या वेळी तपासून घेतोस ना?

गेली सहा वर्षं एवढं लिहिलं की मी पत्र संपवतो. आज संपवत नाही.

यंत्राची खात्री करायला तिने कपाटातल्या जुन्या चकत्या काढल्या. एकेक तपासायची आणि जुन्या वहीशी ताडायची. गुरुवारी तुझ्या इथल्या भट्टीच्या त्या चार चकत्या निघाल्या. वहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं, 'तांबं मर्यादेच्या तिप्पट.' यंत्रावर तांबं जवळजवळ शून्य.

"सर, चूक वहीत आहे की यंत्रात?"

"यंत्रातच असणार," मी म्हणालो. किती चटकन म्हणालो रे!

तुला ते आठवत असेलच. मॅनेजरच्या केबिनमध्ये तू म्हणालास, "जुन्या बॅटऱ्यांच्या वायरींचा तुकडा न तुकडा मी हाताने वेचलाय. शिशात तांबं जाईलच कसं? दादाला विचारा." आणि दादा म्हणाला, "चाचणी खोटं बोलत नाही." त्याच संध्याकाळी तुला काढलं. महिन्याभरात तू गाव सोडलंस.

तुला माहीत नाही ते पुढचं. तू गेल्यावर आठव्या दिवशी चाचण्यांसाठी डिस्टिल्ड पाणी बनवायचं भांडं दुरुस्तीसाठी उघडलं. आतली तांब्याची नळी कल्हई उडून हिरवी पडली होती. तांबं तुझ्या शिशात नव्हतं, माझ्या पाण्यात होतं. चाचणीबरोबर नुसत्या पाण्याचीही एक चाचणी करायची असते. घाईत मी ती टाळली होती.

नळी बदलून घेतली आणि गप्प बसलो. आधी प्रयोगशाळेचं प्रमुखपद जाईल ही भीती. मग लाज. मग नुसती सवय. आईने एकदाच विचारलं, "तू त्याच्या बाजूने बोललास ना रे?" मी हो म्हणालो.

शुक्रवारी ती पोरगी यंत्र परत पाठवायचा कागद सहीला घेऊन आली. माझ्याच्याने सही होईना. तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. तिने तो सहीचा कागद घडी घालून ठेवला. मग विचारलं, "तुमच्या भावाला माहीत आहे?"

मी मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, "जाऊ द्या हो. पाच महिन्यांसाठी कशाला उकरून काढता?" तरी मी लेखी दिलं. आजपासून चाचण्यांच्या कागदांवर माझी सही चालणार नाही. ठीकच केलं त्यांनी.

आईला काल सांगितलं. तेव्हापासून मी खोलीत गेलो की ती भिंतीकडे वळते.

मी दिलेल्या कबुलीची नक्कल आणि यंत्राचा कागद सोबत आहे. तिथे कुणी तुझ्या कामाबद्दल शंका काढली तर दाखव. माफ कर असं दोनदा लिहिलं आणि खोडलं. ते मागून तुझ्या डोक्यावर आणखी एक ओझं कशाला ठेवू? उत्तराची वाट बघणार नाही असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. मी वाट बघेन. उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही.

तू अजून म्हणत असशील तर,
तुझा दादा