खरा काळा रंग

४ मार्च
नवा फोर-के प्लेअर आला. एकदाचा. एकच सिनेमा डीव्हीडीवर आणि नव्या डिस्कवर, लागोपाठ लावून बघितला. डीव्हीडीतला समुद्र म्हणजे थिजलेलं वाटाण्याचं सूप. नव्यात लाट न् लाट वेगळी. आणि काळा रंग, खरा काळा. हानेकेला बोलावून दाखवलं. म्हणाली, माणूस दोन्हीकडे बुडतोच आहे. बायकोला नजर नाही, करता काय.

७ मार्च
१८ला हानेकेची साठी. पाहुण्यांना सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाची डिस्क दाखवणार. मीच शूटिंग करून घरच्या रेकॉर्डरवर भरलेली. त्या गेल्या, आता त्यांचा आवाज तेवढ्या एका डीव्हीडीत उरलाय. हानेके म्हणाली, मला दुसरं काही नको. नवा प्लेअर जुन्या चित्रालाही उजळवतो. पाहुणे थक्क होतील. मग मी फॉरमॅट या विषयावर थोडं बोलेन. तासभर.

९ मार्च
जुना डीव्हीडी रेकॉर्डर सेकंडहँड दुकानात देऊन टाकला. नसती अडगळ. हानेकेचं टुमणं, आधी डिस्क लावून तरी बघ. म्हटलं, बाई, आपण आइंडहोवनला राहतो, चकतीच्या माहेरी, सीडी इथेच जन्मली. लॅबमध्ये उभा जन्म गेला माझा. (गोदामात. पण लॅबच्याच.)

१२ मार्च
हानेकेचा भाऊ थेओ तोच रेकॉर्डर दुकानातून घेऊन आला. म्हणे, दाजी, चांगला धडधाकट आहे की. कीव आली. म्हटलं, बस धुकं बघत.

१५ मार्च
आज डिस्क लावून बघणार होतो. भाषणात वेळ गेला. डीव्हीडीचा तांबडा लेझर, नव्या डिस्कचा निळा लेझर हा भाग फार सुंदर जमलाय.

१८ मार्च, दुपार
खुर्च्या गोलात, कॉफी, केक. बायको साठ वर्षांची झाली म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी माझंही अभिनंदन केलं. मी ते प्लेअरबद्दल धरलं. भाषण झालं. दोघे पेंगले, अडाणी. डिस्क टाकली. वाचता येत नाही, असं आलं. फडक्यानं पुसून पुन्हा टाकली. तेच. मग नुसता काळा पडदा. खरा काळा.

थेओ म्हणाला, दाजी, घरी भरलेली डिस्क शेवटी ‘फायनलाइज’चं बटण दाबून बंद करायची असते. नाहीतर ती ज्या यंत्रात भरली त्यातच चालते. असल्या किरकोळ गोष्टी तेव्हा मी बघत नसे. हानेकेनं प्लेअर उघडला. डिस्क पर्समध्ये टाकली, उरलेला केक उचलला. सगळे थेओकडे गेले. मी तत्त्वासाठी घरी थांबलो.

१८ मार्च, संध्याकाळ
पाय मोकळे करायला बाहेर पडलो. सहज थेओच्या गल्लीत. पडदे उघडेच, इथे कुणाचे नसतात? आत टीव्हीवर सासूबाई. समोरच्या फुटपाथवरून चित्र झकास दिसत होतं. फोर-केच म्हणावं. हे कुणाला सांगायचं नाही.

काचेतून आवाज येत नव्हता, पण त्या काय म्हणतायत ते मला पाठ आहे. कॅमेरा माझ्याच हातात होता. ते यंत्र ठेव खाली आणि केक खायला ये, नाहीतर संपेल.

हानेके रडत होती, हसतही होती. मला फार एकटं वाटलं.

बेल वाजवली. थेओनं दार उघडलं. केक संपला होता.