उत्तरेची भिंत

आबा, काल मी पुन्हा त्या देवळात गेलो होतो. इंदापूरच्या कडेचं, येशूचं. नातवानं मोटरसायकलवरून सोडलं आणि "आजोबा, पायरी बघून चढा" असं सांगून तो फोनवर बोलत बाहेरच थांबला. ती पायरी आपण बापलेकांनी बसवलेली. तिच्याखाली कुठला दगड आहे हे मला अजून पाठ आहे, आणि हा मला पायरी बघायला सांगतो! माझं वय आता पंच्याऐंशीच्या पुढं गेलंय. तुम्ही गेलात तेव्हा माझ्या आजच्या वयापेक्षा कितीतरी लहान होता. तरी तुम्हाला लिहायला बसलो की पाठ आपोआप ताठ होते. पोक काढून बसलेलं तुम्हाला कधी चाललं नाही.

जायचं कारण असं झालं. परवाच्या साथीत सगळीकडं कुलपं लागली, तसं त्या देवळालाही लागलं. ते उघडलं तेव्हा उत्तरेच्या भिंतीवरचं सिमेंट फुगून सुटत आलं होतं आणि आतला दगड ओलीनं पाझरत होता. मग पुण्याहून एक बाई आल्या. जुन्या इमारती राखायचं शिक्षण घेतलेल्या, वयानं माझ्या नातीएवढ्या. चुन्याचं काम केलेला एक म्हातारा अजून जिवंत आहे हे कुणीतरी त्यांना सांगितलं, म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं. तिन्ही भिंतींवर तुमचा चुना अजून आहे, आबा. थापीचा दांडा आपटला तर खण्ण वाजतो. उत्तरेच्या भिंतीवरचं सिमेंट मात्र त्यांनी काढलं तर खाली तुमचा चुना नुसता भुगा झालेला. बोट लावलं की गळतो. त्या म्हणाल्या, "आजोबा, चारही भिंती एकाच हातच्या दिसतात. मग हीच का गेली?" मी म्हटलं, आठवून सांगतो. आठवायचं काय होतं त्यात? पण तुम्ही मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं आणि मी ते तोवर बंद ठेवलं होतं.

ते सत्तावन्न साल. कालव्याच्या कामावर आलेल्या कुणा साहेबानं बांधलेलं ते देऊळ. साहेब गेले, मागं विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती, मंडळींची थोडी घरं उरली आणि आवारातली लहानशी शाळा चालवणाऱ्या बाई उरल्या. किल्ली त्यांच्याकडंच असे. उत्तरेच्या भिंतीला पोट आलं होतं. मिशनच्या पुण्यातल्या वरिष्ठांचा निरोप आला होता, की पावसाळ्यानंतर येऊन बघू, भिंत धड असली तर ठीक, नाहीतर देऊळ बंद करून दगड आणि लाकूड विकून टाकू. बाई आपल्या घरी आल्या त्या दिवशी तुम्ही जेवत होता. घराबाहेर सगळे तुम्हाला तात्याच म्हणत. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तात्या, मी मुलांना त्या भिंतीला टेकून बसवते. ती पडू देऊ नका." पेठेत लोकांनी तुम्हाला विचारलं, की त्यांच्या देवळाचं काम तुम्ही कशाला घेता? तर तुम्ही म्हणालात, "भिंत वाकडी हाय. मी रोज तिथनं जातो. मला झोप लागायची न्हाय."

मी तेव्हा विशीतला, लग्नाचा, तुमच्या बरोबरीनं काम करणारा. तरी तुमच्या लेखी कच्चाच. आवारात आपण चुन्याची घाणी घातली होती. गोल चरातून दगडी चाक फिरायचं, बैल आपला आणि मागं मी. चुना, वाळू, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. एकदा मी कंटाळून बैल लवकर सोडला. तुम्ही चुना चिमटीत धरला, दोन बोटांत चोळला आणि पाटी होती तशी घाणीत परत ओतलीत. "असलं अर्धं शिजलेलं कुणाच्या ताटात वाढशील व्हय?" त्या दिवशी बैलानं आणि मी, दोघांनी तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. तीन भिंती उन्हाळा तापायच्या आत झाल्या आणि चांगल्या मुरल्या. उत्तरेची शेवटी राहिली. पोट आलेले दगड उतरवून आपण पुन्हा चढवले, सांधे भरले, आतून गिलावा केला. आषाढातला आपल्याकडचा वारा तुम्हाला माहीत आहे, पाऊस नाही नि ढगांचा नुसता देखावा, आणि वारा असा कोरडा की ओठ फुटतात. त्या वाऱ्यात नवा चुना उघडा ठेवला तर आतून मुरायच्या आधीच वाळून जातो. म्हणून तुम्ही भिंतभर गोणपाटं टांगली होती. आवारातल्या विहिरीवरून घागरी आणून ती भिजवत राहायचं काम माझ्याकडं.

आणि त्याच दिवसांत तापाची साथ आली. आधी पुण्या-मुंबईकडून बातमी, मग बारामतीकडून, आणि मग एका बाजाराच्या दिवशी इंदापुरातच माणसं जागच्या जागी बसायला लागली. अंग फोडून काढणारा ताप, कोरडा खोकला. घरटी कुणी ना कुणी आडवं. दवाखाना केवढा, दोन खोल्यांचा. डॉक्टरांनी देवळाची जागा मागितली आणि बाईंनी विचारायलासुद्धा वेळ न घेता बाकं भिंतीकडेला सारली. ज्यांना घरी न्यायला कुणी नव्हतं अशी माणसं आत आली. हमाल, वाटसरू, वसतिगृहातली पोरं. काही त्यातच गेली. आई बाईंच्या स्वयंपाकघरात पेज शिजवायला बसली. मला अजून ती दिसते. डोळे धुरानं लाल, पदर कमरेला खोचलेला, समोर आपल्या घरचं मोठं पातेलं. चुन्यासाठी आणलेली गुळाची ढेप ती चुलीपाशी फोडते आहे आणि तुम्ही दारात उभे.

"अगं, तो भिंतीचा गूळ हाय."

"भिंतीला गोड न्हाय लागत," आई म्हणाली. "माणसाला लागतं. सरका, उजेड येऊ द्या."

तुम्ही सरकलात. तुम्ही कुणाचं ऐकून सरकल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

वरकुटे गावची एक म्हातारी होती. बाजारात वांग्यांची पाटी घेऊन बसायची. तिला आणणारा गाडीवान तापानं पडला, मागोमाग तीही पडली, म्हणून ती इथंच अडकली. जागा उरली होती ती उत्तरेच्या भिंतीखाली, आपल्या गोणपाटांच्या पायथ्याशी. खाली फरशीवर पाणी निथळायचं. ती खोकायला लागली की सगळं देऊळ घुमायचं. एका दुपारी डॉक्टरांनी तिची छाती तपासली, भिंतीला हात लावला आणि वैतागून म्हणाले, "ही ओल चालायची नाही. एक तर माणसं बाहेर काढा, नाहीतर ही भिंत वाळू द्या." बाहेर म्हणजे ओसरीत. ओसरीला आडोसा नाही आणि वाऱ्यानं धूळ उडत होती. बाई तिथंच होत्या, तोंडाला पदर लावून. देऊळ जायचं तर त्यांचं जाणार होतं. त्या तुमच्याकडं वळल्या. "तात्या, मी काही सांगणार नाही. काम तुमचं आहे."

तुम्ही भिंतीजवळ जाता. एका गोणपाटाचा कोपरा उचलून आत तळहात टेकवता आणि बराच वेळ तसेच उभे राहता. मी घागर घेऊन मागं. मी म्हणतो, "आबा, आठवडाभर थांबू. अजून कच्चा हाय. आता काढलं तर जाईल सगळा." म्हातारीच्या डोक्यावरचं गोणपाट तुम्ही सगळ्यात आधी काढता. त्याचं पाणी तिच्या तोंडावर ठिबकतं, तुम्ही वाकून आपल्या पंच्यानं ते पुसता. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. मी मदतीला आलो नाही, आणि तुम्ही बोलावलंही नाहीत. आवारात दोरीवर ती गोणपाटं वाळली आणि संध्याकाळी तुम्ही तीच आजाऱ्यांच्या खाली अंथरलीत.

भिंत आपल्या डोळ्यांदेखत वाळली. आधी पांढरी झाली, मग बारीक भेगा. थंडीत वरिष्ठ आले. तोवर साथ सरली होती, बाकं जागच्या जागी लागली होती. त्यांच्यातल्या एकानं काठीनं भिंत ठोकली आणि गिलाव्याचा परातीएवढा पापुद्रा त्याच्या बुटावर पडला. बाईंनी काय काय सांगून देऊळ वाचवलं ते मला कळलं नाही. पण वाचलं. अट एकच, की काम दुसऱ्याला द्यायचं. बारामतीचा कंत्राटदार आला आणि त्यानं सिमेंट थापलं. भर बाजारात, चार माणसांत, तो मोठ्यानं म्हणाला, "म्हाताऱ्याचा चुना म्हंजे काय, हात लावला की खाली!" लोक हसले. मी पुढं झालो. सांगणारच होतो सगळं. तुम्ही माझं मनगट धरलंत, असं धरलंत की हाड दुखलं.

"गप. काम झडलं न्हवं? मग ते आपलं. तापानं पडलेल्या माणसांच्या अंगावर ढकलतोस व्हय? त्या म्हातारीच्या कानावर गेलं तर ती सुखानं भाजी इकंल का?"

त्यानंतर देवळाचं, वाड्याचं, पाराचं कुठलंच काम आपल्याकडं आलं नाही. तुम्ही गुऱ्हाळांची चुलाणं बांधलीत, लोकांच्या न्हाणीघरांच्या मोऱ्या बांधल्यात, आणि त्यासुद्धा ओळंबा लावून. मला लाज वाटायची, आबा. तुमची नाही, तुमच्या गप्प बसण्याची. आणि ती म्हातारी! ती बरी झाली. बाजाराच्या दिवशी तुम्ही न चुकता तिच्या पाटीपुढं थांबायचात आणि ती वर दोन वांगी टाकायची. एकदा मी मागं उभा होतो. ती म्हणते, "तात्या, तुमच्या देवळात वाचले मी. पर काय सांगू, तापाच्या भरात ती भिंत आशी गार लागायची, बरं वाटायचं. मग कुन्या मेल्यानं ती गोणपाटंच काढली!" मी तुमच्या तोंडाकडं बघत राहिलो. तुम्ही पिशवीचं तोंड आवळलंत आणि म्हणालात, "आसंल कुनीतरी." घरी येईपर्यंत तुम्ही हसत होता. मी रस्ताभर धुमसत होतो. ती तुम्हाला शिव्या देते आणि तुम्ही तिची वांगी खाता, हे मला उमगत नव्हतं. आज थोडं उमगतं, सगळं नाही.

काल मी त्या पुण्याच्या बाईंना सांगितलं. तुमची आज्ञा मोडली. त्यांना म्हटलं, "आत आजारी माणसं निजली होती. म्हणून वडलांनी पाणी मारायचं थांबवलं." एवढंच. त्यांनी काही लिहून घेतलं नाही. जिथं चुन्याचा भुगा झाला होता तिथं हात ठेवून त्या बसून राहिल्या, आणि मला एकदम हुंदका आला. या वयात, परक्या माणसांपुढं. आता ती भिंत पुन्हा चुन्यानं करायची ठरलं आहे. मी खुर्ची टाकून बसणार आणि पोरांना ओरडणार. तसली जाड गोणपाटं आता मिळत नाहीत, तागाच्या कापडाचे तुकडे शोधून आणलेत. ते दिवसभर ओले राहतील हे मी बघतो.

हे पत्र कुठं टाकू? मनात आलं होतं, त्याच भिंतीच्या एका सांध्यात सारून द्यावं. पण सांध्यात कागद घातला तर तिथं पोकळी राहते आणि तुम्ही वरून ओरडाल. तेव्हा ते तुमच्या ओळंब्याच्या डबीतच ठेवतो. आणि एक सांगायचं राहिलं. त्या दुपारी मी "आठवडाभर थांबू" म्हणालो ना, तेव्हा माझ्या मनात वेगळंच होतं. मला वाटत होतं, ही म्हातारी तशीही जाणारच आहे, मग भिंत तरी राहू दे. ती गेली नाही. पुढं कितीतरी वर्षं ती त्या बाजारात बसली, आणि मी तिच्या पाटीपुढून एकटा कधी गेलो नाही. लांबच्या टोकाकडून वळसा घालून जायचो. तुम्ही एकदा विचारलंत, "हिकडनं का येत न्हाईस?" मी म्हणालो, तिकडं चिखल असतो. इंदापुरात, ऐन चैत्रात, चिखल. तुम्ही माझ्याकडं नुसतं बघितलंत आणि वांग्यांची पिशवी माझ्या हातात दिलीत.