गळलेल्या वर्तुळाच्या शुद्धिपत्रकासाठी अर्ज

प्रति,
मा. अध्यक्ष,
संशोधन नैतिकता समिती,
ईशान्य किनारा कुटुंब अभ्यास, सेंट जॉन्स.

विषय : वंशवृक्षाचे शुद्धिपत्रक काढणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, दि. ६ फेब्रुवारी २००४.

महोदय,

मी फिलोमिना क्रिच, वय ५२, हॅगडाऊन आर्म या गावची पोस्टमास्तर, अर्ज करते की,

१. सोरायसिस, म्हणजे आमच्या घरातली कोपरांवरची खपली, कोणकोणत्या जनुकांमुळे येते हे शोधायला आपले डॉ. टॉब आमच्याकडे आले. चार पिढ्यांची नाती मी सांगितली, बासष्ट जणांचे रक्त मी मिळवून दिले. मॉड मावशी दंड पुढे करेना. "फिलो, सुया टोचायला मी काय उशी आहे?" तिचीही समजूत मीच काढली. 'अनपेक्षित माहिती कळवली जाणार नाही' या पानावर सगळ्यांच्या सह्याही मीच घेतल्या.

२. नावे छापणार नाही, पुरुषाला चौकोन आणि बाईला वर्तुळ, असे ठरले होते. ते पाळले गेले. पण जुळी भावंडे आणि बुडालेल्या थोरल्यावर मृताची तिरपी रेघ, असे घर गावात एकच आहे. वंशवृक्षासह आपला छापील लेख गावच्या सभागृहात लागला तेव्हा सातांपैकी सहाच भावंडे दिसली. तिसरे वर्तुळ नव्हते. ते माझे.

३. आपण कळवता की माझे रक्त वडिलांशी जुळत नाही, आणि अशांना गणितातून वगळण्याची पद्धतच आहे. मला धरले तर पुराव्याचा आकडा २.७, वगळले तर ३.४, तीन ओलांडले की जनुकाचा शोध लागला असे धरतात. हे आपल्याला दोन वर्षे ठाऊक होते. त्यानंतरही डॉक्टर माझ्या हातचा खारा कॉड मासा खाऊन, हसून गेले. हा विश्वासघात आहे, महोदय. दुसरा शब्द मला सापडत नाही.

४. आई जाऊन अकरा वर्षे झाली, विचारू कुणाला? वडील, लिएंडर क्रिच, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी लेखाच्या घरच्या प्रतीवर सुतारी पेन्सिलीने माझे वर्तुळ काढले. "एवढी शिकलेली माणसं, आणि सातपर्यंत मोजता येत नाही!" आता रोज विचारतात, "दुरुस्ती आली का गं?"

५. तरी छपाईच्या चुकीने एक मुलगी गळली, असे शुद्धिपत्रक शिक्क्यानिशी वडिलांच्या नावे पाठवावे. हे खोटे आहे, मी जाणते. आकड्यासाठी आपण माझ्यापासून खरे दडवलेत. आता तेच त्यांच्यापासून दडवा. त्यांना दुसरे काही कळता कामा नये.

आपल्या अभ्यासातून वगळलेली,
फिलोमिना लिएंडर क्रिच
१ मार्च २००४

सोबत : वडिलांनी दुरुस्त केलेली प्रत. पाहून लगेच परत करावी. ते शोधत आहेत.