रिलीव्हर येईपर्यंत

१० नोव्हेंबर

पॉवर हाउस रेल्वे स्टेशनवर उतरले तर प्रेमानंदमामा आधीच हजर. लॅपटॉपची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेत त्यांनी विचारलं, की कावून वं साक्षी, वर्ध्यात पोरीले जेवाले देत नव्हते का? खुर्सीपारच्या दोन खोल्यांत ललितामामींनी माझ्यासाठी खिडकीजवळची जागा मोकळी करून ठेवली आहे. वर पाटवड्यांचा झणझणीत रस्सा. पहिली नोकरी, मामाचं घर आणि नाकातोंडातून पाणी. मी जाम खूश आहे.

१२ नोव्हेंबर

जुनवानीतलं ऑफिस लहानसं. प्रशांत सर आणि आम्ही तिघं. अहिवाऱ्याच्या वाटेवर पोलादाची एक खासगी रोलिंग मिल आहे, मामा तिथेच क्रेन चालवतात. तिथल्या कामगारांच्या शिफ्ट त्यांच्या मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये दिसायला हव्यात, हे माझं काम. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची एक लायब्ररी आहे, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. तिला नाव, सुरुवात आणि शेवट द्यायचा, की ती कॅलेंडरची फाइल बनवून देते. कामगार मोबाइलवर 'हो' दाबतो, उत्तराची फाइल परत येते आणि माझा प्रोग्रॅम ती उघडून वाचतो. बाई शहाणी आहे लायब्ररी, उगाच तक्रार करत नाही.

प्रत्येक फाइलीत एक नाव रिलीव्हरचं असतं. मामांनी समजावलं, की क्रेनची केबिन रिकामी सोडता येत नाही. रिलीव्हर वर चढल्याशिवाय आपण उतरायचं नाही, मग शिफ्ट संपो की न संपो. आणि कोणी सोडवायला बोलावलं, तर नाही म्हणायची रीतच नाही. बोलावणं आलं की सगळे डोळे झाकून 'हो' दाबतात.

१६ नोव्हेंबर

आज मी न बनवलेली एक फाइल सापडली. नाव धोंडबा. सुरुवात मागच्या हिवाळ्यातली, शेवटाची ओळच नाही. रिलीव्हर गौरव, आणि त्याचं 'हो' आलेलं. प्रशांत सर म्हणाले, जुना कचरा असेल, उडव. उडवली. चहा पिऊन आले तर पुन्हा तिथेच. माझ्याच कोडला चार शिव्या घातल्या.

संध्याकाळी मामांना सांगितलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. धोंडबा त्यांच्याच क्रेनवर होता. रिलीव्हरची वाट पाहता पाहता केबिनमध्येच त्याचं हृदय थांबलं. थो अजून उतरलाच नाही, असं काहीतरी मामा पुटपुटले आणि मामी त्यांच्यावर ओरडल्या.

१९ नोव्हेंबर

काल गौरव गेला. मामांच्या जोडीचा ऑपरेटर, माझ्याहून थोडाच मोठा. भर दुपारी, क्रेनच्या सीटवर बसल्या बसल्या. मामी त्याच्या आईजवळ बसून आल्या.

ऑफिसात गेल्या गेल्या ती फाइल उघडली. धोंडबाच्या नोंदीला आता शेवट आहे. कालची तारीख. तो सुटला.

खाली नवी नोंद. गौरवची. शेवट नाही. रिलीव्हर: प्रेमानंद.

मला भीती वाटते आहे. खरंच वाटते आहे.

२० नोव्हेंबर

मामांचं नाव काढलं, फाइल नव्यानं बनवली, वाचली — प्रेमानंद. लायब्ररी काढून पुन्हा टाकली — प्रेमानंद. सर म्हणाले, दोन दिवस सुट्टी घे.

घरी धावले. मामांच्या मोबाइलवर बोलावणं पोचलं होतं. उद्या दुपारी दोनची शिफ्ट. त्यांनी 'हो' दाबूनही टाकलं होतं. मी रडले, भांडले. ते शांतपणे म्हणाले, की पोरगं वर अडकून राहिलं, त्याले सोडवाव लागते ना माय.

मामींना काहीच माहीत नाही. कसं सांगू —

२१ नोव्हेंबर, सकाळ

सुट्टी घेतलीच नाही, ऑफिसात आले. मामांच्या जागी माझं नाव घातलं. वाचून पाहिलं — साक्षी. टिकलं! मी कुठे क्रेन चालवते? मिलमध्ये पाऊलही टाकणार नाही, म्हणजे झालं. मामांना फोन केला. त्यांच्या मोबाइलवरून ती शिफ्ट गेली आहे. ते घरीच आहेत. सुटलो —

दुपार

दोन वाजले. खुर्चीतून उठता येत नाही. पाय माझे वाटतच नाहीत. बाकीचे जेवायला गेलेत. हाक मारते, आवाज — उजवा हात तेवढा चालतो.

स्क्रीनवर गौरवची नोंद. शेवट — आजचा.

खाली माझी. सुरुवात आजची. शेवट नाही.

रिलीव्हरची जागा रिकामी. मी भरणार नाही. कोणाचंच नाव —

भरतंय. आपोआप. प्रे — खोडलं. पुन्हा प्रे —

छाती —

बोलावणं पोचलं. मामांचा मेसेज. थांब पोरी, मी येऊन राहिलो —

नको मामा — हो दाबू न