दाराजवळची जागा

कोचकोर, ६ मार्च

चि. सालकिनला बुरुलचे अनेक आशीर्वाद.

फोन मेलिसच्या खिशात असतो आणि तक्रार माझ्या या लेकाचीच आहे, म्हणून पत्र. गुडघ्यांचा एक्स-रे काढला. कूर्चा झिजलीय, वयाचं दुखणं आहे, पण हिंडतं-फिरतं राहा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मेलिसने त्यातलं वयाचं तेवढं ऐकलं. आता मला दारापासून सगळ्यात लांब, मानाच्या जागी, सात गाद्यांवर बसवून ठेवलंय. चहा हातात, तळलेले बोर्सोक हातात, हात धुवायचं पाणीसुद्धा सून नुरझामाल तिथेच आणते. अडुसष्टाव्या वर्षी असं नशीब कुणाला मिळतं, असं शेजारणी म्हणतात. सकाळी मात्र पाय लाकडाचे होतात. भिंत धरल्याशिवाय पहिलं पाऊल पडत नाही.

खरं दुखणं पुढेच आहे. जूनमध्ये सगळेजण मेंढरं घेऊन वर डोंगरात, सोन-कुल तळ्याच्या कुरणावर जाणार आणि मी इथे घर राखायचं, असं मेलिसने ठरवलंय. लग्न होऊन आल्यापासून एकही उन्हाळा मी खाली काढला नाही गं. एकदा राहिले की कायमची राहिले. शेजारीण बिज्जूची चरबी चोळायला सांगते. तिथे काही बरं मलम मिळत असेल तर धाड.

तुझी आठवण काढत बसलेली (नुसती बसलेलीच),
बुरुल

बिश्केक, १९ मार्च

ती. बुरुल एजेला, माझ्या थोरल्या बहिणीला, धाकटीचा सा. न. वि. वि.

मलम धाडलंय. चोळ, बरं वाटेल. पण एजे, तुझं दुखणं गुडघ्यांत आहे तितकंच त्या सात गाद्यांतही आहे. तीन वर्षांपूर्वी ट्रॉलीबसची पायरी चढताना मी भर रस्त्यात रडले होते. मग दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी कान उपटले. सांधे जपायचे तर ते हलवा, म्हणाल्या. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठबस, बसल्या बसल्या पाय सरळ करून धरायचा, आणि रोज थोडं चालायचं. जरा दुखलं तर घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशीही ठणकत राहिलं तर आदल्या दिवशी जास्त झालं समजायचं. आता मी रोज बागेला चकरा मारते, आणि एक विधुर पेन्शनर सारखा माझ्या मागे पडतो. चालण्यात म्हणते मी!

तेव्हा मानाची जागा सोड आणि दाराजवळ बस. चहा तू दे. आपल्या रिवाजाप्रमाणे पेला अर्धाच भरायचा असतो, म्हणजे एका बैठकीत चाळीस पेले कुठे गेले नाहीत. चहाच्या पाण्याचा समोवार चार पावलं लांब ठेव आणि दर पेल्याला ऊठ. मेलिसला सांग, मावशीचा हुकूम आहे.

गुडघ्यांना माझा नमस्कार सांग, आणि तुझा लोभ आहे तसाच ठेव.
सालकिन

कोचकोर, २२ एप्रिल

चि. सालकिनला अ. आ.

तुझं ऐकलं आणि घरात रणकंदन झालं. मी दाराशी बसले, म्हणजे सुनेच्या जागेवर! नुरझामाल स्वयंपाकघरात जाऊन रडली. गावात लोक बोलू लागले की ही सून सासूकडून चहा ओतून घेते. मेलिसने माझ्या हातातला पाण्याचा घडा हिसकावून घेतला. मी त्याला विचारलं की बाबा रे, मी आई आहे की उशी? तो पाय आपटत मेंढरांकडे निघून गेला.

नुरझामालला मात्र मी जवळ बसवून सगळं सांगितलं. सकाळी मी भिंत कशी धरते हे तिला ठाऊकच नव्हतं. आता उठबशी तीच मोजते, आणि लबाड मेली, नऊनंतर पुन्हा सातावर येते. भिंत आता लागत नाही. पण हुरूप आला आणि एक दिवस मी टेकडीपर्यंत जाऊन आले. गुडघा टम्म सुजला. मेलिसला जोरच आला. त्याने अट घातली की निघायच्या दिवशी कुणाचा हात न धरता घोडीवर चढलीस तरच वर, नाहीतर पुन्हा विषय काढायचा नाही. मी चार माणसांसमोर हो म्हणून बसले. आता भीती वाटते गं.

काळजीत असलेली तुझी
बुरुल

बिश्केक, ६ मे

ती. एजेस सा. न. वि. वि.

टेकडीवर जायला तुला कुणी सांगितलं होतं? लहानपणापासून तुझं हेच, पहिल्याच दिवशी नदी पोहून जायचं असतं. सूज उतरेपर्यंत दमानं घे, मग पुन्हा निम्म्याने सुरुवात कर. रिकिबीत डावा पाय टाकून अंग उचलायचं, तर तेच शीक. आठवडाभर उंबरठा चढ-उतर कर, मग पायरी, मग लाकडं फोडायचा ओंडका. कुणीतरी जवळ उभं असू दे. महिना आहे हातात. भीती मलाही वाटते, पण तुझ्या हट्टावर माझा फार विश्वास आहे.

पत्राची वाट पाहणारी,
सालकिन

सोन-कुल, १४ जून

चि. सालकिनला तळ्याकाठून अनेक, अनेक आशीर्वाद.

पत्ता वाचलास ना? मग आधी पोटभर हस.

निघायच्या दिवशी अख्खी आळी कुंपणाशी उभी होती. पाय रिकिबीत गेला, पण अंग वर येईना. मी खाली आले. कुंपणापलीकडे कुणीतरी चुकचुकलं. मेलिस हात पुढे करून धावला, आणि हात लागला असता तर सगळं संपलंच होतं. तेवढ्यात नुरझामालने नवऱ्याचा हात धरून मागे ओढला. सगळ्या गावासमोर! आई चढतायत, त्यांना चढू द्या, असं ठणकावून म्हणाली. मला तो ओंडका आठवला. श्वास घेतला, आयाळ पकडली, आणि सालकिन, मी वर होते. घोडीवर बसून हमसून हमसून रडले. लाज कसली? जिंकले होते मी.

गुडघे झिजलेलेच आहेत, थंडीत कुरकुरतात. पण घोडीचं दूध मी काढते, झऱ्यावर मी जाते. तंबूत मी दाराजवळ बसते, तर शेजारच्या तंबूंतल्या म्हाताऱ्याही येऊन दाराजवळच बसू लागल्या. मानाची जागा ओस पडली, म्हणून सातही गाद्या मेलिसने घेतल्या. परवा तिथून उठताना कंबर धरून आई गं म्हणाला. मी त्याच्या हातात रिकामा घडा दिला आणि झऱ्याची वाट दाखवली.

ऑगस्टमध्ये ये, घोडीच्या दुधाचं आंबट किमिझ प्यायला. माया अशीच राहू दे. त्या पेन्शनरलाही आण, बघू किती चालतो.

तुझी घोडेस्वार
बुरुल